तिरप्या कापडाचे चेहरे

३ नोव्हेंबर

धाकटे,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. राहून गेलं असं समजू नकोस, मुद्दाम लिहिलं नाही. आणि हे पत्र माफीचं नाही. तसं वाटून पाकीट फोडलं असशील तर इथेच घडी घाल आणि चहाच्या कपाखाली ठेव, टेबलावर डाग तरी पडणार नाही.

चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाही. सख्ख्या बहिणी असून एकमेकींचे पत्ते तिसऱ्याकडून कळतात, याची लाज दोघींनी निम्मी निम्मी वाटून घ्यावी. तुझा पत्ता मावशीने दिला. तिथे बायकांना शिवण शिकवतेस म्हणे. शिकव बाई. संयम तुझ्यात पहिल्यापासून होता, जन्मताना माझ्या वाट्याचाही तूच घेऊन आलीस.

मुद्द्याचं बोलते. थंडीच्या मेळ्याच्या कमिटीचं पत्र आलंय. या वर्षीपासून प्रत्येक कारागिराने आधी सभागृहात येऊन, कमिटीसमोर बसून, आपलं काम करून दाखवायचं. बावीस तारखेला. नाही दाखवलं तर टेबल नाही. माझं टेबल! वीस वर्षं मी दारासमोरच्या त्या टेबलावर बसते. आत येणारा माणूस आधी 'ताईच्या बाहुल्या' ही पाटी बघतो आणि मग बाकीचा मेळा. आता सत्तावन्नाव्या वर्षी मी परीक्षेला बसायचं, आणि परीक्षक कोण, तर सेक्रेटरीबाई, जिला सुईत दोरा ओवायला चष्मा आणि शेजारीण दोन्ही लागतात. गळ्यात शिट्टी घालून फिरते, म्हणून आम्ही सगळे तिला शिट्टीच म्हणतो.

कुणीतरी तक्रार केलीय. त्याशिवाय अशी पत्रं येत नाहीत. आणि माझ्या बाहुल्यांची तक्रार करण्याइतकं माझ्याबद्दल कुणाला माहीत आहे? मी कुणाचं नाव घेत नाही. तू आरशात बघ.

करून दाखवीन. मला कुणाचं भय आहे? अंग मी शिवते, कापूस मी भरते, केस मी लावते, फ्रॉक मी शिवते. राहता राहिला चेहरा. तो काय, दोन डोळे आणि एक तोंड. जाता जाता विचारते, भुवयांना तू दोरा एकपदरी घ्यायचीस की दोनपदरी? उत्तर नाही दिलंस तरी माझं काही अडत नाही.

ताई


१० नोव्हेंबर

धाकटे,

आठवडा झाला. पोस्टमन आला, शेजाऱ्यांचं मासिक चुकून आमच्याकडे टाकून गेला. तुझं काही नाही. बरं झालं. मला सहानुभूती नकोच होती.

आज मेणबत्तीवाले भेटले, तेच, ज्यांचं टेबल माझ्या उजव्या हाताला असतं आणि जे दर वर्षी तू कशी आहेस ते विचारतात. दर वर्षी मी सांगते, "मजेत आहे, कामातून वेळ मिळत नाही तिला." या वर्षीही तेच सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला कसली आलीये परीक्षा? तुम्ही डोळे मिटून चेहरे काढाल." मी हसले. घरी येऊन कपाटातून तो डबा काढला.

कोणता डबा ते तुला ठाऊक आहे. निळा, बिस्किटांचा, झाकणाला पोचा आलेला. तुझा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता, तेव्हा खिडकीशी बसून तू चेहरे काढत सुटली होतीस. "मेळ्यांची बेगमी करून ठेवते," म्हणायचीस. तीनशेच्या वर चेहरे काढलेस त्या हिवाळ्यात. मग तू गेलीस आणि डबा इथे राहिला.

आता हे मी सांगतेय कारण माझ्याच्याने खोटं फार दिवस पेलवत नाही, बाकी कारण काही नाही. चार वर्षांतले आठ मेळे मी त्या डब्यावर काढले. तुझा चेहरा घ्यायचा, माझ्या अंगावर शिवायचा, विकायचा. तू टाकून गेलीस म्हणजे ते माझेच झाले, असं मी ठरवून टाकलं. तुला राग आला असेल तर येऊ दे. डबा न्यायचा होतास मग.

आज मोजले. नऊ उरलेत. नववा तर अर्धवटच आहे, डावी भुवई झाली आहे, उजवी नाही. सुई तशीच टोचलेली, गंजून गेली आहे.

ताई


१७ नोव्हेंबर

धाकटे,

चेहरे काढले. अकरा काढले. ऐक आता काय झालं.

तुझा एक चेहरा समोर ठेवला. मोजपट्टीने मापलं. डोळा ते डोळा तेवढंच अंतर, तोंड तेवढंच, दोरा तोच, टाके तेच, एक कमी नाही की जास्त नाही. कापडही तेच, त्याच ताग्यातलं. उलट मी तिरपं कापून एका वितीत चार चेहरे बसवले, तू तीनच बसवायचीस. किती वर्षं मी तुला सांगत आले की कापड वाया घालवतेस, पण माझं ऐकेल ती तू कसली!

सपाट असताना चेहरा फक्कड दिसत होता. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढ्याचसाठी का घाबरत होते मी? मग डोकं शिवलं, कापूस भरला. आणि तोंड फाकलं. असं फाकलं की बाहुली हसतेय की दाढ ठणकतेय ते कळेना. एक डोळा वर गेला, दुसरा कानाकडे निघाला. दुसरी केली. ती तर शिंक अडकल्यासारखी. तिसरीला कापूस कमी भरला, तर ती आजारी दिसायला लागली. आमचे हे घड्याळ दुरुस्त करत बसले होते, डोळ्याला भिंग लावून. भिंगातूनच बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही तर वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई! खटला हरल्यावरच्या." आणि पोट धरून हसले. मी चौथी बाहुली त्यांच्या अंगावर फेकली.

मग गंभीर होऊन म्हणाले, "धाकटीला विचार ना."

मी म्हटलं, "मेले तरी विचारणार नाही."

म्हणजे मी विचारत नाहीये. तोंड का फाकतं हे मला कळत नाही, एवढंच सांगतेय. सांगण्यात आणि विचारण्यात फरक असतो.

बसलेच आहे लिहायला तर तेही लिहून टाकते. मी मावशीला, ह्यांना, मेणबत्तीवाल्यांना, सगळ्यांना सांगितलं की तू पाटीवरून भांडून गेलीस. पाटीवर 'ताईच्या बाहुल्या' एवढंच लिहिलंय म्हणून. खरं तर ती पाटी तूच रंगवली होतीस, आणि रंगवताना गाणं म्हणत होतीस. पाटीचा काही संबंध नव्हता.

आपल्या दोघींच्या त्या शेवटच्या मेळ्यात ती हिरव्या कोटातली बाई आली होती. बाहुली हातात घेऊन कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "किती जिवंत चेहरा! हे चेहरे कोण काढतं?" आणि मी म्हणाले, "मीच." तू माझ्या मागे उभी होतीस, हातात पुठ्ठ्याचा खोका घेऊन. मला माहीत होतं तू उभी आहेस. मला वाटलं होतं तू ऐकलं नसशील, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आले, पण मला माहीत होतं.

का म्हणाले, तेही ऐक. लोक बाहुली उचलतात ती चेहरा बघून. वीस वर्षांत एकाही माणसाने मला म्हटलं नाही की ताई, पाय काय सुरेख शिवलेत. पायांना मी दुहेरी टीप मारते, पोरांनी ओढले तरी निघत नाहीत, पण कुणाचं लक्ष आहे? सगळे आपले 'चेहरा, चेहरा'. मला जळफळाट व्हायचा. माझ्याच टेबलावर, माझ्याच पाटीखाली मी तुझ्यावर जळायचे. एकदा तरी ते माझं असावं असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं.

तू काही बोलली नाहीस. खोका खाली ठेवलास, कोट घातलास आणि गेलीस. भांडली असतीस तर मी भांडले असते आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. तुझी ती गप्प बसायची खोड! तिचा मला आजही संताप येतो.

ताई


२२ नोव्हेंबर, संध्याकाळ

धाकटे,

आज झाली ती परीक्षा. तुला कळायलाच हवं, कारण तुझ्याशिवाय ती झाली नसती.

कमिटीला प्रत्येकाचं सगळं काम बघायला वेळ नव्हता, म्हणून अर्धवट केलेली वस्तू आणून पुरी करून दाखवली तरी चालणार होतं. तेव्हा मी काय केलं असेल ते तू ओळखलंस. हो. तुझा तो नववा चेहरा मी पिशवीत घातला. एक उजवी भुवई काढायची राहिली होती, सात टाके. सात टाके मला येतात. सात टाके घालायचे, टेबल घ्यायचं, घरी यायचं. सगळा बेत पक्का होता.

सभागृहात खुर्च्यांच्या ओळी, पुढे लांब टेबल, त्यामागे शिट्टी आणि दोन सभासद. टोपल्यावाली झाली, साबणवाला झाला. मग शिट्टीने माझ्याकडे बोट केलं. मी बसले, पिशवीच्या वरच्या कप्प्यातून चेहरा बाहेर काढला, नवी सुई ओवली. मागून मेणबत्तीवाले म्हणाले, "बघा, बघा, काय हात आहे!"

मी सुई कापडाला लावली. आणि खरं सांगते, मला टोचवेना. तुझी डावी भुवई एका टाक्याने उंच असते. तू ती नेहमी तशी काढायचीस, म्हणून तुझ्या बाहुल्या काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारख्या दिसतात. मी उजवी काढली असती तर ती नुसती भुवई झाली असती. सबंध चेहरा मी नासवला असता, आणि तुझ्या हातचा तो शेवटचा चेहरा होता. नाही टोचवलं, बस.

शिट्टी म्हणाली, "ताई, आवरा, अजून नऊ जण आहेत."

मी सुई खाली ठेवली आणि उठून उभी राहिले. म्हटलं, "हा चेहरा माझा नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. तुम्ही चार वर्षं माझ्याकडून नेलेत ते सगळेच तिचे आहेत."

शिट्टीने चष्मा काढला. "म्हणजे अर्जावर तुम्ही सगळं स्वतः केल्याचं लिहिलंत, ते खोटं?"

"खोटं. लिहून घ्या. सही हवी तर सही देते. पण ज्याने तक्रार केली त्याला समोर आणा, मला त्याला दोन शब्द सुनावायचेत."

"कसली तक्रार?"

"माझी!"

"अहो, तुमची कुणी तक्रार केलेली नाही. ते पत्र सगळ्यांनाच गेलंय. गेल्या वर्षी एकाने कारखान्यातली खेळणी हाताची म्हणून विकली, म्हणून हा नियम केला."

मी इकडेतिकडे बघितलं. सगळे माना डोलावत होते. टोपल्यावालीने तर तेच पत्र पिशवीतून काढून दाखवलं. तेव्हा, आरशात बघ असं मी तुला लिहिलं होतं ते परत घेते. तेवढंच परत घेते, बाकीचं पत्र तसंच राहू दे.

शिट्टी म्हणाली, "मग या वर्षी तुम्हाला टेबल देता येणार नाही. ज्याने वस्तू केली त्यानेच ती विकायची."

मी पिशवी उचलली, तेव्हा कुठे लक्षात आलं की ती घरून निघाल्यापासूनच भलतीच जड आहे. आत बघते तो काय, त्या अकरा भवान्या! ह्यांनी मला न सांगता भरल्या होत्या. मला काय झालं कोण जाणे, मी एकेक काढून कमिटीच्या टेबलावर ओळीने बसवल्या. म्हटलं, "या माझ्या. केसापासून टाचेपर्यंत माझ्या. घ्या, तपासा." दाढदुखी, शिंक, आजारीण, वकीलबाई, सगळ्या शिट्टीकडे बघत बसल्या. एक सभासद तोंडावर रुमाल धरून खोकायला लागला, पण तो खोकला नव्हता.

"या विकणार तुम्ही?" शिट्टीने विचारलं.

"विकणार. का नाही विकणार? तुमच्या नियमात हाताने केलेलं लिहिलंय, देखणं लिहिलेलं नाही."

त्यांनी दहा मिनिटं कुजबूज केली. टेबल दिलंय. दारासमोरचं गेलं, ते आता साबणवाल्याला. मला मागचं, स्वच्छतागृहाच्या शेजारचं. मी म्हटलं, चालेल. त्या क्षणी तिने मला छपरावर बसवलं असतं तरी मी बसले असते.

ताई


९ डिसेंबर

धाकटे,

मेळा झाला. तुला वाटत असेल की मी स्वच्छतागृहाशेजारी मान खाली घालून बसले. छे! तुला एक गुपित सांगते, सबंध सभागृहात त्याच्याइतकी चांगली जागा नाही. दारासमोरून लोक भराभर निघून जातात. इथे रांगेत उभे राहतात आणि करायला दुसरं काही नसतं, म्हणून माझ्या बाहुल्या बघतात.

आणि हसतात. पहिल्या तासाला मला ते झोंबत होतं. मग एका बसड्रायव्हरने शिंक उचलली आणि म्हणाला, "मावशी, ही द्या. अगदी आमच्या डेपोच्या साहेबांसारखी आहे." त्याच्यामागची बाई म्हणाली, तिला तिच्या जावेसारखी हवीय. दुपारपर्यंत लोक एकमेकांना बोलावून आपापली माणसं शोधत होते. चाळीस नेल्या होत्या, तीन परत आणल्या. वकीलबाईंनी स्वतः येऊन वकीलबाई नेली, आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही.

पण जुनी गिऱ्हाइकंही आली. "ताई, त्या आधीच्या कुठे आहेत? गोड चेहऱ्याच्या?" प्रत्येकाला सांगितलं, "ते चेहरे माझी बहीण काढायची. मी नाही." दोन दिवसांत पन्नास-साठ वेळा तरी सांगितलं असेल. पहिल्यांदा जीभ जड झाली, मग सवय झाली, आणि नंतर नंतर तर विचारलं नाही त्यांनाही मी सांगत सुटले. मेणबत्तीवाल्यांना सांगितलं की तू मजेत आहेस की नाही ते मला माहीत नाही. ते म्हणाले, "अंदाज होताच." आणि मला एक मेणबत्ती दिली. वासाची आहे, डोकं दुखतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. हिरवा कोट. कोट आता करडा आहे, पण मी ओळखलं. मी तिचा हात धरला की हो! म्हटलं, "बाई, चार वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारलं होतंत हे चेहरे कोण काढतं, आणि मी म्हटलं होतं मीच. ते खोटं होतं. माझी बहीण काढायची. ती माझ्या मागेच उभी होती."

तिने हात सोडवून पर्स सावरली. मग म्हणाली, "असं का? बरं, ही रांग बायकांचीच ना?"

तिला आठवतही नव्हतं, धाकटे. मी त्या बाईसमोर मोठं व्हायला तुला घालवलं आणि तिला ती बाहुलीसुद्धा आठवत नव्हती. मी टेबलामागे बसून रडले, मग हसले, मग परत रडले. रांगेतल्या लोकांना वाटलं, हिचं कुणीतरी गेलंय.

तर ऐक. हे मी मान ताठ ठेवूनच लिहितेय. मी चुकले. तू चुकली नव्हतीस. तू गप्प राहिलीस त्याचा राग माझ्याकडे शिल्लक आहे, तो मी सोडणार नाही, पण मूळ चूक माझी, सबंध माझी.

यासोबत डबा पाठवतेय. नऊच्या नऊ चेहरे आत आहेत, अर्धवट नववाही. सुई गंजली होती, ती काढून टाकली. ते तुझे आहेत. मी त्यातला एकही विकणार नाही.

ताई


२० डिसेंबर

धाकटे,

पाकीट मिळालं.

आधी वाटलं रिकामंच आहे. मग उलटं करून झटकलं तर नववा चेहरा पडला. उजवी भुवई काढलेली. सात नाही, सहाच टाके. म्हणजे माझ्याकडून सात घातले गेले असते तर चुकलेच असते, बघ. ह्यांनी भिंग लावून बघितला, आणि हातातलं घड्याळ बाजूला ठेवून परत एकदा बघितला.

मग मी तो उलटा केला. मागे पेन्सिलीने तोंडावरून आडवा बाण काढलेला, आणि तुझं ते मुंगीएवढं अक्षर: "ताई, तिरपं कापू नकोस. तिरपं कापड ताणतं. म्हणून तीनच बसतात."

म्हणजे सोळा वर्षं मी तुला कापड वाया घालवतेस म्हणून बोल लावत होते, तेव्हा तू हे करत होतीस. आणि एकदाही तोंड उघडून सांगितलं नाहीस. धन्य आहे तुझी! मी सकाळपासून ओट्याशी उभी राहून भांडी घासतेय आणि तुझ्याशी भांडतेय, ह्यांना वाटतंय माझं डोकं फिरलं.

आता माझं उत्तर. मी कापड सरळ धरणार नाही. तिरपंच कापणार, एका वितीत चारच बसवणार. वसंतातल्या मेळ्यासाठी बसड्रायव्हरच्या सबंध डेपोने बाहुल्या सांगून ठेवल्या आहेत, आणि त्यांना दाढदुखीवाल्याच हव्यात. माझे चेहरे मी काढीन. सरळ कापडावरचे हवे असतील तर ज्याचे त्याने येऊन काढावेत. मला जमत नाही म्हणून म्हणत नाही, मला जमवायचंच नाही.

शिट्टीकडून अर्ज आणलाय. बनवणाऱ्यांच्या नावासाठी दोन ओळी आहेत. पहिलीवर मी सही केली. दुसरी कोरी आहे. तिच्यावर माझी सही चालत नाही, ज्याने केलं त्यानेच करायची, असा नियमच आहे, आणि या वेळी मी नियम मोडणार नाही. शेवटची तारीख पंधरा फेब्रुवारी. स्वच्छतागृहाशेजारी दोन खुर्च्या बसतात, मी माप घेऊन आले आहे.

येताना डबा घेऊन ये. झाकणाचा पोचा काढू नकोस.

तुझी ताई